दिवा का लागत नाही? : दोष शोधण्याची रीत

(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हांस या मेळाव्यात दोन शब्द बोलण्यास सांगितले आणि विषय निवडण्याची मोकळीक दिली, याबद्दल प्रथम आभार मानतो. आमचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. आम्ही बँकेत कारकुनी करणारे, शिक्षण कला शाखेचे. विजेच्या दिव्यांशी आमचा संबंध काय, असा प्रश्न कुणीही विचारील. संबंध एवढाच की रविवारी सकाळी आम्ही चार-सहा पालक मुलांना घेऊन बसतो. गृहपाठाबरोबर मुले आपल्या विज्ञान प्रदर्शनाच्या वस्तूही आणतात. पुठ्ठ्याचे घर, थर्माकोलचा पूल, कागदी आकाशकंदील, आणि त्यात बसवलेला छोटासा एलईडी दिवा. दर खेपेला एका तरी मुलाचा चेहरा पडलेला असतो. विचारले की उत्तर ठरलेले : "सगळं जोडलंय, पण दिवा लागत नाही."

हा प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. दिवा लागला नाही की घरात जे बोलले जाते ते आपण सर्वांनी ऐकलेले आहे. "तुझ्या हाताला यशच नाही." "हे आपलं काम नव्हे, दुकानातून तयार आण." वास्तविक दोष असतो एखाद्या सुटलेल्या वायरीत किंवा उलट्या बसवलेल्या दिव्यात. आपण मात्र तो उचलून मुलाच्या माथी ठेवतो. मूलही ते खरे मानते आणि पुढे दहावीनंतर शाखा निवडताना "सायन्स आपल्याला जमणार नाही" असे स्वतःच म्हणू लागते. म्हणून दोष माणसात नसून जोडणीत असतो, आणि जोडणीतला दोष शोधण्याला एक ठरलेली रीत आहे, एवढेच आज सांगायचे आहे. ही रीत कला शाखेच्या माणसालाही येते, याचा पुरावा म्हणून आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

दिवा आणि त्याचा इतिहास

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. डायोड हा विजेचा एकेरी रस्ता आहे. प्रवाह एका बाजूने जातो, उलट बाजूने जात नाही. जुन्या बल्बमध्ये तार तापून प्रकाश पडे. तो बल्ब कसाही जोडला तरी लागे. एलईडीचे तसे नाही. त्याला धन आणि ऋण अशा दोन बाजू आहेत.

या दिव्यामागे अनेकांचे कष्ट आहेत. १९०७ साली एच. जे. राऊंड यांना एका स्फटिकातून वीज सोडताना प्रकाश दिसला. १९२७ साली रशियातील ओलेग लोसेव्ह या तंत्रज्ञाने त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्याचा अंत झाला. १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी बनवला. निळा तेजस्वी दिवा मिळण्यास मात्र १९९३ साल उजाडले. जपानचे शुजी नाकामुरा यांनी तो तयार केला आणि त्यांच्यासह अकासाकी व अमानो यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळा मिळाला म्हणूनच आज घरोघर दिसणारा पांढरा एलईडी शक्य झाला. विजेचा जो नियम आपण आता वापरणार आहोत तो १८२७ साली मांडणारे जॉर्ज ओहम हे शाळामास्तर होते आणि त्यांचे वडील कुलुपे बनवीत. विज्ञान ही मोठ्या घरांचीच मिरास आहे असे समजणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आपला परिपथ

बोलणे नेमके व्हावे म्हणून एकच सोपी जोडणी समोर धरू. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, तिला लावायची क्लिप, एक बटण, ४७० ओहमचा एक रेझिस्टर आणि एक लाल एलईडी. बॅटरीच्या धन टोकापासून वायर बटणाला, बटणापासून रेझिस्टरला, रेझिस्टरपासून एलईडीच्या लांब पायाला, आणि आखूड पायापासून परत बॅटरीच्या ऋण टोकाला. वाट पूर्ण झाली की दिवा लागतो. वाट कुठेही तुटली की लागत नाही.

रेझिस्टर कशाला, हा प्रश्न मुले हमखास विचारतात. लाल एलईडी पेटलेला असताना त्याच्या दोन पायांमध्ये साधारण २ व्होल्ट असतात. बॅटरी ९ व्होल्टची. मग उरलेल्या ७ व्होल्टची जबाबदारी कुणी तरी घ्यायला हवी, ती रेझिस्टर घेतो. ७ ला ४७० ने भागा. उत्तर येते ०.०१५ अँपिअर, म्हणजे १५ मिलिअँपिअर. असा छोटा दिवा सहसा २० मिलिअँपिअरपर्यंत सोसतो, तेव्हा १५ त्याला पुरेसे आणि निर्धोक. एलईडीचा स्वभाव असा की व्होल्टेज थोडे वाढले तरी प्रवाह फार वाढतो. म्हणून रेझिस्टर न लावता तो नऊ व्होल्टला जोडला तर क्षणभर लखकन पेटून कायमचा जातो. एखादा मुलगा म्हणतो, "माझ्या मित्राने नाण्यासारख्या सेलवर रेझिस्टरशिवाय लावला होता." ते खरे असते. त्या नाणे-सेलच्या पोटातच एवढा अडथळा असतो की फार प्रवाह निघतच नाही. एका ठिकाणी चालले म्हणून दुसरीकडे चालेलच असे नाही. कारण समजून घेतले पाहिजे.

बँकेतला ताळा

आता दोष शोधण्याच्या रीतीकडे वळू. ती आम्ही विज्ञानाच्या वर्गात शिकलो नाही, बँकेत शिकलो.

दिवसाच्या शेवटी रोखपालाची रक्कम आणि नोंदी जुळल्या पाहिजेत. जुळल्या नाहीत तर कुणी वही फाडून नवी वही आणत नाही, की सर्व नोंदी पुसून पुन्हा लिहीत नाही. फरक किती आहे ते आधी पाहतात, कारण फरकच बोलतो. हाताने खतावणी लिहिण्याच्या काळातील जुनी मंडळी आम्हांस सांगत : फरक नवाने निःशेष भागला जात असेल तर कुठे तरी दोन अंकांची अदलाबदल झाली असावी. ५४०० चे ४५०० लिहिले तर फरक ९००, तो नवाने भागला जातो. फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधा, ती जमेऐवजी नावे बाजूला पडली असेल. २५० रुपये चुकीच्या बाजूला लिहिले की फरक ५०० चा पडतो. मग संशयाच्या व्हाउचरवर बोट ठेवून एकेक करून तपासायचे, आणि तपासलेल्यावर खूण करून पुढे जायचे.

दिव्याचेही नेमके असेच आहे. दिवा अजिबात लागत नाही, मंद लागतो, लुकलुकतो, की लागून गेला, या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगवेगळी आहेत. मुले मात्र दिवा लागला नाही की घाईने चार वायरी एकदम उपसतात. त्यात जुना दोष सापडत नाही आणि दोन नवे तयार होतात. म्हणून आमचा पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलून काय झाले ते कागदावर लिहावे.

पायरीपायरीने तपासणी

पहिली पायरी डोळ्यांची. बॅटरी काढून ठेवा आणि वहीत काढलेली आकृती समोर ठेवून प्रत्येक वायरीवरून बोट फिरवा. प्रत्यक्षात आहे ते वाचा, असायला हवे ते वाचू नका. आपणच केलेल्या जोडणीतला दोष आपल्या डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एकाने आकृती वाचावी आणि दुसऱ्याने जोडणी दाखवावी. बँकेतही नोंद एकाने केली तर तपासणी दुसरा करतो, ती याचसाठी.

दुसरी पायरी बॅटरीची. तीच बॅटरी खात्रीने चालणाऱ्या दुसऱ्या वस्तूत घालून पाहा, किंवा खात्रीची बॅटरी आपल्या जोडणीला लावा. मल्टिमीटर असेल तर व्होल्टेज मोजा, पण दिवा जोडलेला ठेवूनच मोजा. थकलेली बॅटरी मोकळी असताना मीटरवर चांगला आकडा दाखवते आणि काम पडताच खाली बसते.

तिसरी पायरी दिशेची. नव्या एलईडीचा लांब पाय धन आणि आखूड पाय ऋण. पाय कापलेले असतील तर दिव्याच्या गोल कडेवर बोट फिरवा. जिकडे कड सपाट लागते तो बहुधा ऋण पाय. उलटा बसवलेला एलईडी लागत नाही. रेझिस्टर असल्यास तो सहसा वाचतो, पण तसाच उलटा ठेवू नये, कारण असे दिवे उलट दिशेने साधारण ५ व्होल्टच सोसतात. दिवा काढून फिरवून बसवणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. आमच्या रविवारच्या बैठकीत बहुतेक दिवे इथेच पेटतात.

चौथी पायरी रेझिस्टरच्या पट्ट्यांची. ४७० ओहमच्या रेझिस्टरवर पिवळा, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात आणि कडेला बहुधा सोनेरी. तिसरा पट्टा किती शून्ये ते सांगतो. तो काळा असेल तर ४७ ओहम, नारिंगी असेल तर ४७ हजार. पहिले दोन रंग तेच असल्याने मुले फसतात. ४७ ओहम लागला तर हिशेबाने दीडशे मिलिअँपिअरच्या घरात प्रवाह येतो आणि दिवा जळतो. ४७ हजार लागला तर दिवा इतका मंद लागतो की उजेडात लागलेला दिसतच नाही. दिवा बंद आहे असे म्हणण्यापूर्वी हाताच्या ओंजळीत धरून अंधारात एकदा पाहावा.

पाचवी पायरी सांध्यांची. वायर वरून अखंड दिसते पण प्लॅस्टिकच्या आत तुटलेली असते. बॅटरीच्या क्लिपपाशी हे वारंवार होते, कारण तिथे ती सतत वाकते. दिवा चालू ठेवून वायर हळूच हलवा. लुकलुकला तर दोष तिथेच. सोल्डरचा डाग गुळगुळीत आणि वायरीला चिकटून पसरलेला हवा. गोळीसारखा वर बसलेला डाग दिसायला जोड, प्रत्यक्षात नुसता टेकलेला. मोटारीच्या गुंडाळीतली तांब्याची तार वापरली असेल तर तिच्यावर लाखेसारखा लेप असतो. तो खरवडल्याशिवाय वीज जात नाही.

सहावी पायरी ब्रेडबोर्ड वापरणाऱ्यांसाठी. त्यावर पाच-पाच भोकांची एकेक ओळ आतून जोडलेली असते, आणि मधल्या खाचेच्या अलीकडची ओळ पलीकडच्या ओळीला जोडलेली नसते. एलईडीचे दोन्ही पाय एकाच पाचाच्या ओळीत खोचले तर प्रवाह दिव्याला वळसा घालून निघून जातो. कडेच्या लांब पट्ट्या काही बोर्डांत मध्यावर तोडलेल्या असतात. अर्ध्या बोर्डात वीज आहे आणि अर्ध्यात नाही, असे दिसले तर तिथे एक वायर टाकून पाहावी.

मीटरने वाट चालणे

एवढे करूनही दिवा लागला नाही तर मल्टिमीटर हातात घ्यावा. साधा मीटर थोडक्या किमतीत मिळतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाणाऱ्यांना तर निवडीला वाव आहे. चार घरांत मिळून एक घेतला तरी भागते.

मीटरची काळी काडी 'कॉम' लिहिलेल्या भोकात आणि लाल काडी व्होल्टच्या भोकात घालावी. चकती डीसी २० वर ठेवावी. अँपिअरच्या भोकात काडी ठेवून बॅटरीला लावू नये, तो थेट शॉर्ट होतो.

आता बटण दाबून काळी काडी बॅटरीच्या ऋण टोकावर धरून ठेवा, तिथून हलवू नका. लाल काडी बॅटरीच्या धन टोकापासून वाटेने पुढे नेत जा. निरोगी परिपथात आकडे असे येतात : धन टोकावर सुमारे ९, बटणाच्या पुढे ९, रेझिस्टरच्या पुढे सुमारे २, आणि एलईडीच्या पुढे शून्य. हे चार आकडे वहीत लिहून ठेवावे. ही आपली ताळ्याची वही.

आकडा चुकला की तो काय सांगतो ते पाहा. बटणाच्या अलीकडे ९ आणि पलीकडे शून्य, तर बटण जोडत नाही. रेझिस्टरच्या पुढे २ ऐवजी ९ आले, तर प्रवाह वाहतच नाही. मग एलईडीच्या आखूड पायावर पाहा. तिथे शून्य असेल तर एलईडी उलटा आहे किंवा मेलेला आहे. तिथे शून्याऐवजी सात-आठ व्होल्टच्या आसपास काही दिसले, तर दिवा निर्दोष असून परतीची वायर तुटलेली आहे.

रेझिस्टरच्या पुढे शून्य आले तर दोन शक्यता. एक, रेझिस्टरपाशीच वाट तुटली आहे. दुसरी, एलईडीचे दोन पाय एकमेकांना टेकले आहेत. यांतली कोणती ते कसे ओळखावे? एलईडी काढून घ्या आणि पुन्हा तिथेच मोजा. आकडा शून्याचा ९ झाला तर पाय टेकले होते. शून्यच राहिला तर रेझिस्टर किंवा त्याचा सांधा तपासा. विद्यार्थी मित्रहो, यात तर्कापलीकडे काही नाही. दोन शक्यता समोर असताना त्यांना वेगळे करील असा एक प्रश्न शोधायचा. इतिहासाचा, कायद्याचा, वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्यालाही हेच करावे लागते.

दिवे अनेक असतील तेव्हा

प्रदर्शनाच्या वस्तूत दिवे एकापेक्षा अधिक असतात. एकापुढे एक असे एकसर जोडले तर प्रत्येकाचे व्होल्ट बेरजेत धरावे लागतात. तीन लाल दिव्यांचे ६ व्होल्ट होतात, उरतात ३. त्यांना २२० ओहमचा रेझिस्टर चालतो. पण पांढऱ्या दिव्याला प्रत्येकी ३ व्होल्टहून थोडे अधिक लागतात. तीन पांढरे एकसर जोडले तर बेरीज साडेनऊच्या घरात जाते आणि नऊ व्होल्टची बॅटरी त्यांना नीट पेटवू शकत नाही. दिवे चांगले, वायरी चांगल्या, तरी अंधार. हा दोष हिशेबाचा असतो, हाताचा नसतो.

दुसरा प्रकार, लाल आणि पांढरा दिवा शेजारीशेजारी ठेवून दोघांना मिळून एकच रेझिस्टर दिला जातो. मग लाल लागतो आणि पांढरा लागत नाही. लाल दिवा २ व्होल्टवरच प्रवाह ओढून घेतो, त्यामुळे पांढऱ्याला हवे तेवढे व्होल्टेज मिळतच नाही. उपाय सोपा आहे. प्रत्येक दिव्याला त्याचा स्वतंत्र रेझिस्टर द्यावा.

गेल्या हिवाळ्यात नववीतली एक मुलगी गावाची प्रतिकृती घेऊन आली होती. सहा घरे, सहा दिवे, प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर. घरी सर्व दिवे लागले होते, रिक्षातून आणल्यावर एकही लागेना. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. घरचे एक वडीलधारे म्हणाले, "मुलींना हे जमायचं नाही, तयार वस्तू घेऊन टाका." आम्ही तिला हात लावून काही दुरुस्त करून दिले नाही. एवढेच विचारले : "सहाही दिवे एकदम खराब होतील का गं?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नाही. सगळे गेले म्हणजे सगळ्यांचं जे सामाईक आहे ते गेलं." सामाईक म्हणजे बॅटरी, क्लिप, बटण आणि मुख्य वायर. तिने मीटर लावला. बॅटरीच्या टोकांवर ९ च्या वर आकडा, क्लिपच्या लाल वायरीच्या दुसऱ्या टोकाला शून्य. वायर प्लॅस्टिकच्या आत तुटली होती. नवी क्लिप लावली आणि सहाही घरांत उजेड झाला. एकंदर पंधरा मिनिटेही लागली नाहीत.

प्रदर्शनात तिला बक्षीस मिळाले नाही. मात्र परीक्षकांनी एका घराचा दिवा काढून विचारले, आता बाकीचे दिवे लागतील का? तिने उत्तर दिले, "लागतील, प्रत्येकाची वाट वेगळी आहे." तयार वस्तू विकत आणणाऱ्याला हे उत्तर देता आले नसते. ते वडीलधारेही तिथे उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण परतताना ती प्रतिकृती त्यांनी स्वतः उचलून घेतली.

काही सावधगिरीच्या गोष्टी

पालकांसाठी थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आम्ही सांगितलेले सर्व काही बॅटरीवरच्या परिपथासाठी आहे. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगला मुलांनी घरी बनवलेली कोणतीही जोडणी लावू नये. बंद पडलेला घरचा एलईडी बल्ब उघडून त्यातले दिवे काढण्याचा नाद मुलांना असतो. अनेक स्वस्त बल्बांत आतला परिपथ थेट घरच्या विजेला जोडलेला असतो, आणि त्यातला कपॅसिटर बल्ब काढल्यानंतरही काही काळ धक्का देऊ शकतो. तो बल्ब सॉकेटमध्ये असताना उघडणे म्हणजे जिवाशी खेळ.

जुन्या मोबाईलची लिथियम बॅटरी खेळायला देऊ नये. तिची दोन टोके एकमेकांना टेकली तर ती तापते, फुगते, पेटही घेते. नाण्यासारखे सेल लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. असा सेल गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. तशी शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सोल्डरिंग करताना खिडकी उघडी ठेवावी, हात धुतल्याशिवाय खाऊ नये आणि तापलेली इस्त्री उभ्या दांडीवरच ठेवावी. तेजस्वी पांढऱ्या-निळ्या दिव्याकडे जवळून टक लावून पाहू नये.

समारोप

विद्यार्थी मित्रांनो, दिवा लागत नाही तेव्हा तो तुमच्याबद्दल काही मत देत नसतो. तुम्ही कुणाचे कोण, कोणत्या माध्यमात शिकता, घरी टेबल आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. वाट पूर्ण असेल तर तो लागतो, नसेल तर लागत नाही. इतका निःपक्ष परीक्षक दुसरीकडे मिळणे कठीण. त्याच्यापुढे रडायचे नाही आणि त्याच्यावर रागवायचेही नाही. त्याला एकेक प्रश्न विचारायचा आणि उत्तर वहीत लिहायचे.

पालकांना आमची हात जोडून विनंती आहे. मुलाची वस्तू चालली नाही तर "तुला येत नाही" असे म्हणण्याआधी "कुठपर्यंत चालतंय ते पाहू" असे म्हणा. आपल्याला त्यातले कळत नसले तरी चालेल. आकृती वाचून दाखवायला शेजारी बसा. आम्हांस तरी सुरुवातीला कुठे कळत होते? बँकेतला ताळा जमत होता, तोच पुढे कामाला आला. तुमच्यातला गवंडी ओळंबा लावून भिंतीचा दोष शोधतो, शिवणकाम करणारी भगिनी मशीन टाके सोडू लागली की आधी सुई, मग दोरा, मग ताण पाहते. ही सर्व त्याच रीतीची रूपे आहेत. मुलांना ती आपल्या तोंडून ऐकू द्या.

संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. सभासदांनी मिळून दोन मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची इस्त्री आणि रेझिस्टर-दिव्यांचा एक डबा संस्थेच्या वाचनालयात ठेवावा. पुस्तकाप्रमाणेच त्यांची नोंदवहीत नोंद व्हावी आणि रविवारी मुलांना ती साधने तिथेच बसून वापरता यावीत. खर्च फार नाही. जबाबदारी सांभाळण्यास आम्ही तयार आहोत, आणि वरच्या वर्गातील दोन विद्यार्थिनींनी आपली नावे आधीच दिली आहेत.

 ज्यांच्या वस्तू बंद आहेत त्यांनी त्या मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर आणाव्या. मीटर आम्ही सोबत आणला आहे.